गिटारचा नेक पिकअप बदलताना: माझा अनुभव

माझ्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये दोन हमबकर आहेत, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, प्रत्येकी दोन कॉइलचे पिकअप: एक ब्रिजपाशी, जिथे तारा गिटारच्या अंगावर टेकतात, आणि दुसरा नेकच्या म्हणजे मानेच्या टोकाशी. ब्रिजचा पिकअप मला पहिल्यापासून आवडतो. तक्रार होती ती नेक पिकअपबद्दल. स्वच्छ आवाजात एकेक सूर वाजवला तर तो गोड लागे, पण अँपवर थोडे डिस्टॉर्शन देऊन पूर्ण कॉर्ड छेडली की जाड तारांचा आवाज बाकीच्या सुरांवर पसरत असे आणि मधल्या तारांवर काय वाजते आहे हे कानाला कळेनासे होई. पिकअप शोधायला बसण्यापूर्वी मी ही तक्रार नेमक्या याच शब्दांत लिहून काढली. पिकअपच्या वर्णनांत ‘उबदार’, ‘मलईदार’, ‘विंटेज’ अशा विशेषणांची रेलचेल असते आणि आपल्याला काय हवे आहे हे आधी ठरलेले नसेल, तर प्रत्येक वर्णन आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटू लागते.

दोष खरोखर पिकअपचाच आहे का, हे पाहणे त्यानंतरचे काम होते. तारा नव्या घातल्या. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध, सोडवून मल्टिमीटरने मोजला, तेव्हा ५०० किलोओहमच्या पॉटचा रोध प्रत्यक्षात ४६० च्या आसपास भरला. पॉटमध्ये वीस टक्क्यांपर्यंतचा फरक सर्रास आढळतो, त्यामुळे यात वावगे काही नव्हते. तिथे २५० किलोओहमचा पॉट निघाला असता, तर मी पिकअपला हात न लावता आधी पॉट बदलला असता, कारण सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपसाठी, योग्य असलेला हा पॉट हमबकरच्या वरच्या कंप्रता सहज दाबून टाकतो. मग पिकअपची उंची कमी केली. गढूळपणा थोडा कमी झाला, पण आवाजातली जानही त्याबरोबर कमी झाली. एवढे झाल्यावरच मी निवडीकडे वळलो.

पिकअपची तुलना करताना पहिला आकडा समोर येतो तो कॉइलच्या तारेच्या रोधाचा, आणि बहुतेकांची निवड या आकड्याभोवतीच फिरते. हमबकर साडेसात ते साडेआठ किलोओहमचा असला तर सौम्य आणि चौदा-पंधराच्या पुढे गेला तर ‘हॉट’ म्हणजे जोरकस, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. तो अगदीच खोटा नाही, पण रोध हा तारेची जाडी आणि लांबी या दोन्हींवर ठरतो. ४२ गेजच्या तांब्याच्या तारेचा व्यास सुमारे ०.०६३ मिलिमीटर असतो, ४३ गेजची तार सुमारे ०.०५६ मिलिमीटरची असते. म्हणजे तेवढेच वेढे घेऊन केवळ बारीक तार वापरली तरी रोध पाव हिश्श्याने वाढतो. एकाच प्रकारची तार आणि एकाच प्रकारची रचना असलेल्या दोन पिकअपमध्ये हा आकडा काही सांगतो, एरवी फारसे नाही.

त्याहून अधिक बोलतो तो इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा कॉइलचा गुण. पिकअपची कॉइल आणि गिटारपासून अँपपर्यंतच्या केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) मिळून एक रेझोनन्स तयार होतो. त्या कंप्रतेला आवाजात एक उंचवटा येतो आणि तिच्यावरच्या कंप्रता झपाट्याने ओसरतात. मागून आणलेल्या मीटरवर माझ्या जुन्या पिकअपचा इंडक्टन्स ६.२ हेन्री आला. माझी केबल सहा मीटरची. मीटरमागे शंभर पिकोफॅरड धरून आणि कॉइलचे स्वतःचे शंभर मिळवून एकूण ७०० पिकोफॅरड होतात. या हिशोबाने उंचवटा सुमारे २४०० हर्ट्झवर येतो. साडेचार हेन्रीचा पिकअप त्याच केबलवर २८०० च्या आसपास नेतो. मात्र केबलच निम्मी केली, तर जुना पिकअपही ३२०० पर्यंत पोहोचतो! म्हणून मी तीन मीटरची केबल लावून पाहिली. वरची धार लगेच उघडली, परंतु जाड तारांचे पसरणे जसेच्या तसे राहिले.

या प्रयोगाने माझ्या निवडीची दिशा ठरवली. नेकपाशी तारेचे कंपन मोठे असते, त्यामुळे तिथला पिकअप मुळातच अधिक सिग्नल देतो आणि जाड तारांचा वाटा त्यात मोठा असतो. त्यात वेढेही जास्त असले, तर अँपचे डिस्टॉर्शन आधी त्या तारांनीच भरून जाते. मला अधिक ट्रेबल नको होता. खालचा भार कमी हवा होता. म्हणजे कमी वेढ्यांचा पिकअप. बदली पिकअपच्या जगात मोठा बोलबाला असतो तो जोरकस पिकअपचा, आणि त्यालाही कारण आहे: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप अँपला जोराने ढकलण्यासाठीच बनवलेला होता आणि ते काम तो उत्तम करतो. माझी गरज याच्या उलट होती.

हमबकरच्या आकारात बसणारा पी-नाइन्टी हा पर्याय मात्र मनातून जाता जात नव्हता. त्याचा मोकळा, किंचित खरखरीत स्वर मला फार आवडतो. पण तो सिंगल कॉइल आहे, आणि विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या गुणगुणीला डिस्टॉर्शनमध्ये लपायला जागा नसते. ही गुणगुण घालवण्यासाठीच गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन कॉइलची रचना केली आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज दिला. दोन्ही कॉइलमध्ये चुंबकाची दिशा उलट आणि वेढ्यांची जोडणीही उलट, त्यामुळे तारेचा सिग्नल एकमेकांत मिळतो आणि बाहेरून शिरलेली गुणगुण एकमेकांना छेदते. ही सोय सोडणे मला परवडणारे नव्हते.

चुंबकाबाबत अल्निको दोन की अल्निको पाच (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे दोन प्रकार), असा प्रश्न उरला. अल्निको दोन तुलनेने दुबळा असतो, त्याचा खर्ज मऊ आणि सैलसर लागतो. एकेरी सुरांच्या वादनासाठी तो सुरेख आहे. कॉर्ड सुटी ऐकू यावी म्हणून मी अल्निको पाच निवडला. शेवटी सेमर डंकन कंपनीचा ‘जॅझ’ हा नेक पिकअप घेतला. अल्निको पाच आणि सुमारे ७.७ किलोओहम. घेण्याआधी पिकअपच्या जागेवर पहिल्या आणि सहाव्या तारेमधले अंतर पट्टीने मोजले, कारण ब्रिजपाशी तारा फाकलेल्या असतात आणि त्या जागेचे रुंद पिकअप वेगळे मिळतात. माझ्या नेकपाशी नेहमीच्या मापाचा पिकअप नीट बसत होता.

जोडणीत सर्वाधिक लक्ष द्यावे लागले ते फेजकडे, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने हलतात ना याकडे, कारण ब्रिजचा पिकअप वेगळ्या बनावटीचा होता. या नव्या पिकअपला जोडणीच्या चार तारा आणि एक उघडी तार असते. काळी सिग्नलची, हिरवी आणि उघडी ग्राउंडची, तर लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेपने बंद करायची. रंगांचा हा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. सोल्डर करण्याआधी मी पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, काटा असलेला मल्टिमीटर लावला आणि ड्रायव्हर झटकन वर उचलला: काटा उजवीकडे हलला. ब्रिजच्या पिकअपवरही तो त्याच दिशेने हलला, म्हणजे दोघांची फेज जुळत होती. ती उलट निघाली असती तर काळी आणि हिरवी यांची अदलाबदल करून, उघडी तार ग्राउंडलाच ठेवून काम भागले असते. हीच चाचणी न करता जोडणी केली आणि स्विचच्या मधल्या जागेवर दोन्ही पिकअपचा आवाज पोकळ, पत्र्यासारखा आला, तर सगळे पुन्हा उघडावे लागते.

उंची जुळवणे मी शेवटी आणि सावकाश केले. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असता जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या किंचित आत, अशी उंची मला पटली. जाड बाजूचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी कॉर्डमध्ये फरक ऐकू येतो. आता त्याच अँपवर, डिस्टॉर्शनचा नॉब तिथेच ठेवून कॉर्ड वाजवली की चौथ्या आणि तिसऱ्या तारेवरचे सूर वेगळे उचलता येतात. सिग्नल पूर्वीपेक्षा कमी आहे, त्यामुळे सोलो वाजवताना मी व्हॉल्यूम पूर्ण उघडतो. पूर्वी तो सातवरच ठेवावा लागत असे. सहा मीटरची केबलही परत लावली आहे, कारण छोट्या केबलवर ब्रिजचा पिकअप माझ्या कानाला बोचू लागला होता.