मार्था कुठंय?

इकडे शनिवार रात्रीचे साडेनऊ वाजले की इंदूरला रविवार सकाळचे सात वाजलेले असतात आणि राजेंद्र नगरच्या घरात बाबा पोह्यांची वाट बघत बसलेले असतात, तर ही आमची व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ. बाकीच्या मुली कॉलवर आईबापांना नातवंडं दाखवतात. मी पण दाखवते, पण आमची नऊ वर्षांची बाई "हाय आबा" म्हणून दोन मिनिटांत पळते आणि मग मी बाबांना नकाशे दाखवते.

बाबा एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. लहानपणी घरात कॅलेंडरपेक्षा टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार, ओढे, रस्ते, घरं दाखवणारे सरकारी नकाशे, जास्त बघितल्या, शाळेच्या वह्यांना कव्हरसुद्धा बाद झालेल्या ट्रेसिंगचं असायचं. तेव्हा त्यात काही इंटरेस्ट नव्हता आणि आता न्यू जर्सीत बसून मी शंभर-सव्वाशे वर्षं जुने नकाशे डाउनलोड करत असते, याला काय म्हणायचं ते म्हणा.

तर झालं असं की न्यू जर्सी म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर एडिसन गाव येतं, पटेलांची दुकानं, महाराष्ट्र मंडळाचा गणपती, टोलनाके आणि ट्रॅफिक. पण इथून दक्षिणेला सव्वा-दीड तास गाडी चालवली की पाइन बॅरन्स लागतं. नुसतं पाइनचं जंगल, खाली साखरेसारखी पांढरी वाळू, आणि ओढ्याचं पाणी अगदी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं, कारण सीडरच्या झाडांचा आणि जमिनीतल्या लोखंडाचा अंश त्यात उतरतो. १९७८ साली अमेरिकेतलं पहिलं नॅशनल रिझर्व्ह म्हणून हा भाग राखीव झाला, अकरा लाख एकरांच्या आसपास आहे. एवढ्या दाटीवाटीच्या राज्यात एवढं मोकळं जंगल उरलं कसं हे मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. मग कळलं की ते कायम मोकळं नव्हतंच! तिथे गावं होती, कारखाने होते, लोक कामाला जात होते. गावं गेली आणि झाडं परत आली.

त्या लाल-तपकिरी पाण्यातलं लोखंड दलदलीच्या कडेला साचून त्याचे दगडासारखे थर बनतात, त्याला इथे बॉग आयर्न म्हणतात. अठराव्या शतकात लोकांनी ते खणलं, जंगल तोडून कोळसा केला, ओढे अडवून तळी केली, पाणचक्कीवर भाते चालवले आणि भट्ट्या पेटवल्या. बॅट्स्टो गावची भट्टी १७६६ सालची, स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याला तिथून माल जायचा. बॅट्स्टो आता छान जपून ठेवलंय, मालकाचा वाडा आहे, पार्किंग आहे, शाळेच्या सहली येतात. मला मजा येते ती पार्किंग नसलेल्या गावांत. पेनसिल्व्हेनियात दगडी कोळशावर स्वस्त लोखंड निघायला लागलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या भट्ट्या एकेक करून विझल्या, काही गावांनी काच करून बघितली, काहींनी कागद, आणि मग लोक उठून गेले.

आता ही गावं शोधायची कशी? फोनवर सगळा हिरवा रंग दिसतो, एखादी पांढरी रेघ, बस. इथल्या जिऑलॉजिकल सर्व्हेने १८८४ पासून देशाचे टोपो नकाशे काढले, आणि त्यातले जुने पावणेदोन लाखांहून जास्त नकाशे स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलेत. मी हे बाबांना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "फुकट म्हणजे? अर्ज कुणाला करायचा?" अर्ज नाही बाबा, क्लिक. त्यांना एक शीट इश्यू करून घ्यायला रजिस्टरमध्ये सही करावी लागायची आणि संध्याकाळी परत मोजून द्यावी लागायची, त्यामुळे त्यांना ते अजून पटलेलं नाहीये. (आपल्याकडेही आता सोपं झालंय बरं का, सर्व्हे ऑफ इंडियाच्या ओपन सिरीजच्या शीट ऑनलाइन मिळतात.)

न्यू जर्सीने तर अख्ख्या राज्याचा नकाशा केला होता, १८८८ च्या सुमारास पूर्ण झाला, एक इंचाला एक मैल. हे स्केल ऐकून बाबा खुर्चीत सरळ बसले. आपल्या जुन्या टोपोशीट पण एक इंचाला एक मैलच, मेट्रिक आल्यावर त्या १:५०,००० झाल्या. "म्हणजे तुझ्या अंगठ्याच्या पेराएवढं म्हणजे एक मैल," ते म्हणाले. मोजून बघितलं, खरंच आहे.

माझी पद्धत सोपी आहे. जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ठेवायचे आणि नव्यात काय गायब आहे ते बघायचं. काळा छोटा चौकोन म्हणजे घर, चौकोनावर झेंडा म्हणजे शाळा, क्रॉस असेल तर चर्च. चार-पाच रस्ते जंगलात एका ठिकाणी येऊन मिळतात आणि तिथे आज काहीच नाही, असं दिसलं की समजायचं इथे काहीतरी होतं, उगाच कोणी पाच रस्ते एका झाडापाशी आणत नाही. तसंच ओढ्यावर एकदम सरळ कडेचं तळं दिसलं तर ते देवाने केलेलं नाही, तिथे बांध आहे आणि बांधाखाली कारखाना असणार. हे शेवटचं बाबांचं. मी तळं म्हणून कौतुकाने दाखवत होते, ते म्हणाले, "अगं ही कड बघ, पट्टी लावून मारल्यासारखी आहे."

अशीच मार्था सापडली. ओस्वेगो नदीच्या काठी जंगलात १७९३ साली आयझॅक पॉट्स नावाच्या माणसाने भट्टी काढली आणि तिला बायकोचं नाव दिलं. जुन्या नकाशात ऐटीत लिहिलंय, मार्था. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो, पँटचे पाय मोज्यात खोचून, कारण इथल्या गोचिडांनी लाइम नावाचा आजार होतो आणि त्याची मला वाघापेक्षा जास्त भीती वाटते. नवरा म्हणाला फोन घे, मी म्हटलं नाही, आज कागद आणि होकायंत्र, ड्राफ्ट्समनची मुलगी आहे मी. गाडी लावली, नकाशावर कोन मोजला आणि निघालो.

वीस मिनिटांत चिखलात. सीडरची दलदल, बूट घोट्यापर्यंत आत, पोरगी रडकुंडीला आली आणि नवरा तोंडातून एक अक्षर न काढता फोन काढतोय, ते तर जास्तच लागलं. रात्री बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "डेक्लिनेशन किती घेतलंस?" घेतलंच नव्हतं! होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला नाही, चुंबकीय उत्तरेला बघते. इंदूरला हा फरक जवळजवळ शून्य, म्हणून शाळेत कधी नडला नाही. न्यू जर्सीत तो पश्चिमेकडे सुमारे १२ अंश आहे, म्हणजे एक किलोमीटर चाललं की दोनशे मीटर बाजूला. डोंगराळ भागात तरी टेकडी दिसते, चूक कळते, पण पाइन बॅरन्स पोळपाटासारखं सपाट आहे, नकाशात कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, शोधावी लागते. आणि हा फरक दरवर्षी थोडा सरकतो, त्यामुळे जुन्या नकाशाच्या मार्जिनमध्ये छापलेला आकडा तसाच उचलला तरी फसगतच.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फोन घेतला, गपचूप. मार्थाला आता दिसतं काय, तर खरं सांगायचं तर फार काही नाही. कुंपण घातलेला एक उंचवटा, भट्टी त्याच्या पोटात आहे. पण जवळच कटाल्पाची मोठी झाडं आहेत, तळहाताहून मोठी पानं आणि लोंबणाऱ्या लांब शेंगा, आसपास सगळे पाइन आणि मध्येच ही झाडं म्हणजे कोणीतरी हौसेने लावलेली, घरासमोर सावली हवी म्हणून. आपल्याकडे माळरानात मध्येच चिंच आणि पार दिसला की समजतं ना, तसंच. वाटेच्या वाळूत पोरीला निळसर-हिरवा, काचेसारखा चमकणारा खडा सापडला, तो भट्टीतला स्लॅग, लोखंड काढून उरलेला मळ. तिला तो खिशात घालायचा होता. इथून काही उचलायचं नाही असा नियम आहे, म्हणून तिने तो हातावर धरून फोटो काढला आणि परत होता तिथेच ठेवला, मग तीन वेळा मागे वळून बघितलं.

तिथून जवळच हॅरिसव्हिल. ते कागदाचं गाव होतं, समुद्रकाठच्या खाऱ्या गवतापासून जाड ब्राऊन पेपर करायचे आणि रस्त्यावर गॅसचे दिवेही होते म्हणे त्या जंगलात! १९१४ च्या वणव्यात उरलंसुरलं जळालं. आता जाळीच्या आत दगडी भिंती उभ्या आहेत, कमानीच्या खिडकीतून झाड बाहेर आलेलं. परत येताना गाडीचं चाक वाळूत रुतलं ती कथा सांगत नाही, एका पिकअपवाल्या आजोबांनी ओढून काढलं आणि पैसे घेतले नाहीत एवढंच.

त्या रविवारी बाबांना सगळे फोटो दाखवले. कटाल्पा बघून ते जरा गप्प झाले, मग उठले आणि दिवाणाच्या आतून घडी केलेला एक कागद काढून आणला. हरसूदची शीट. खंडवा जिल्ह्यातलं हरसूद इंदिरा सागर धरणात २००४ साली गेलं, इंदूरच्या लोकांना सांगायला नको, पण बाबांनी त्यावर काम केलं होतं हे मला माहीत नव्हतं. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी २६२.१३ मीटर. त्यांचं काम एवढंच, की २६२ ची कंटूर निळ्या पेन्सिलने गिरवत न्यायची. "रेघ सलग पाहिजे, तुटायला नको, साहेब तेवढंच बघायचे," ते म्हणाले. कॅमेऱ्यासमोर शीट धरली होती, रेघ अजून दिसत होती, गावाला वळसा घालून, गल्ल्या, शाळा, बाजार सगळं आतल्या बाजूला. नंतर ते एकदा तिथे जाऊन आले होते, लोक स्वतःची घरं स्वतः पाडत होते, विटा आणि दाराच्या चौकटी ट्रॉलीत भरून नेत होते. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

मी विषय बदलायला म्हणून इंदूरजवळच्या पातालपाणीचं काढलं, की दिवाळीत येईन तेव्हा तिकडच्या ४६ एन नंबरच्या शीटवर होळकरांची ती जुनी मीटर गेज लाइन बघू, कालाकुंडपर्यंतचे बोगदे मोजू आणि पानाच्या द्रोणातला कलाकंद खाऊ. ते हो हो म्हणाले, पण लक्ष तिकडे नव्हतं.

"मार्थाच्या लोकांनी जाताना चौकटी नेल्या असतील का गं?"

मी म्हटलं, बाबा, तिथे आता झाडंच आहेत.

"नेल्या असतील," ते म्हणाले. तेवढ्यात आईने पोह्यांची प्लेट आणली. शीटवर तेल पडू नये म्हणून त्यांनी ती आधी जुन्या घडीवरच नीट घडी करून बाजूला ठेवली, आणि मग पोह्यांवर घालायच्या जीरावन मसाल्याची डबी मागितली.