काचेला कोंदण : आमची वाटचाल

सावंतवाडीला आमच्या घरी तीन पिढ्यांची सोनारकी होती आणि त्या घरात ‘काच’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. गिऱ्हाईकाने बाहेरून घेतलेली खड्याची अंगठी दाखवायला आणली की बाबा डोळ्याला भिंग लावून ती उजेडाकडे धरत आणि नुसते ‘काच आहे’ म्हणून परत देत. त्या दोन शब्दांत दुसऱ्या कुणीतरी केलेल्या लबाडीचा सगळा पंचनामा येऊन जाई. अशा घरातली मुलगी आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर चांदीच्या कोंदणात काच बसवून विकते, आणि तीही काच म्हणूनच विकते, हे आमच्या नातेवाइकांना अजून पुरते पटलेले नाही.

आमच्या गावाचे नाव लिहितात सीहॅम, म्हणतात मात्र सीअम. संडरलंडच्या दक्षिणेला, डरम परगण्यातले हे जुने कोळसा-बंदर. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २०१० मध्ये येथे आलो, तेव्हा या किनाऱ्याबद्दल मला काहीही ठाऊक नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात वाळूकडे डोळे लावून, कमरेत वाकून चालणारी माणसे दिसू लागली आणि ती काच वेचत आहेत, हे समजल्यावर मला खरोखर हसू आले होते.

त्या काचेचा इतिहास मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८५३ मध्ये जॉन कँडलिश यांनी येथे बाटल्यांचा कारखाना काढला. लंडनडेरी बॉटलवर्क्स या नावाने ओळखला जाणारा हा कारखाना भरात असताना दिवसाला २०,००० पर्यंत बाटल्या काढत असे. फुटलेला माल आणि भट्टीच्या तळाशी उरलेली काच टाकायची कुठे, तर समोर समुद्र होताच. १९२१ मध्ये कारखाना बंद पडला आणि तेव्हापासून त्याची एकही नवी काच पाण्यात गेलेली नाही. म्हणजे आमच्या धंद्याचा कच्चा माल शंभर वर्षांपूर्वीच बनवून संपलेला आहे आणि आम्ही केवळ शिल्लक वेचत आहोत.

शंभर वर्षांत लाटा, वाळू आणि गोटे तिच्या धारा घासून गोल करतात, हे कुणालाही समजते. परंतु पृष्ठभागावर दुधाळ साय धरल्यासारखी जी झाक येते ती नुसत्या घासण्याने येत नाही. काचेत मिसळलेला सोडा आणि चुना खारे पाणी फार सावकाश बाहेर ओढून घेते आणि त्या जागी बारीक खळगे पडतात. भिंगाखाली ते अर्धचंद्रासारखे दिसतात. पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच सर्रास मिळते, निळी कमी आणि लाल तर एखाद्या वर्षी मिळतच नाही. फिकट जांभळी काच मुळात जांभळी नसते. पूर्वी काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत आणि उन्हात वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर त्याचाच जांभळा रंग चढतो. या किनाऱ्याची खरी शान म्हणजे एकाच तुकड्यात दोन-तीन रंगांचे पदर असलेली काच. तिला येथे ‘मल्टी’ म्हणतात आणि तिचा संबंध संडरलंडच्या रंगीत काचेच्या कारखान्यांशी जोडला जातो.

वेचणे मला दोन जणांनी शिकवले. एक आमच्या गल्लीतले, खाणीतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. ‘सूर्य समोर ठेवून चाला, म्हणजे काच पेटल्यासारखी दिसेल,’ एवढेच ते म्हणाले आणि ते शंभर टक्के खरे निघाले. दुसरे शिक्षण माहेरचे. कोकणात वाढलेल्या माणसाला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) शिकवावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे ओहोटी लांब जाते आणि एरवी न दिसणारे गोटे उघडे पडतात, म्हणून येथल्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याच्या जोडीला आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयही टांगलेले आहे. ईशान्येचे वादळ येऊन गेले की दुसऱ्या दिवशीची पहिली ओहोटी मी सहसा चुकवत नाही.

दागिने करायला सुरुवात झाली ती २०१२ मध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून तार ओढणे, कानातल्यांचे फासे वळवणे आणि ओपणीने, म्हणजे घासून-दाबून चकाकी आणायच्या गुळगुळीत हत्याराने, चांदीला झळाळी आणणे एवढे मला येत होते. झाळकाम, म्हणजे ज्योतीवर चांदी जोडण्याचे काम, मी येथे संध्याकाळच्या वर्गात शिकले. पहिली विक्री चर्चच्या सभागृहातल्या नाताळच्या बाजारात झाली. अकरा नग विकले गेले आणि त्यांतले तीन आठवड्याभरात दुरुस्तीला परत आले, कारण मी कोंदणाची पट्टी फार पातळ घेतली होती.

आमची एक अट पहिल्यापासून आहे आणि ती धंद्याच्या दृष्टीने महागात पडते. काचेला आम्ही कानस लावत नाही, तिला पॉलिश करत नाही आणि रंग खुलावा म्हणून तेलही चोळत नाही. तुकडा जसा मिळाला तसाच राहतो आणि चांदीने त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. कागदाची बारीक पट्टी तुकड्याभोवती गुंडाळून माप घेतो, त्या मापाची चांदीची पट्टी वळवून झाळतो, ती पूर्ण गार झाल्यावरच काच आत बसवतो आणि ओपणीने कड हळूहळू आत दाबत नेतो. कोंदणाची मागची बाजू उघडी ठेवतो. बाबांच्या पद्धतीत हलक्या खड्यामागे चमकीचा पत्रा घालून कोंदण बंद करीत. येथे ते करून चालणार नाही, कारण ही काच मागून उजेड आला तरच बोलते. परिणामी दोन नग कधीच सारखे होत नाहीत आणि कानातल्यांची जोडी जमवायला कधीकधी आठ महिने लागतात. दुकानदार पन्नास नग एकसारखे मागतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो.

काच गार कोंदणात का बसवायची, हे मी एका बाईंच्या अंगठीवर शिकले. निळ्या-पांढऱ्या मल्टीची ती अंगठी सैल होत होती. काच काढण्याचा कंटाळा केला, ओल्या कापडाने ती झाकली आणि अंगठीच्या दुसऱ्या बाजूला ज्योत धरली. ‘टिच’ असा अगदी लहान आवाज झाला. कापड उचलले तेव्हा तुकड्यात आरपार केसासारखी रेघ गेलेली होती. तो तुकडा त्या बाईंच्या वडिलांनी वेचलेला होता. पैसे परत करता येतात, तसा तुकडा कुठून आणणार?

त्याहून मोठा फटका २०१७ मध्ये बसला. मागणी वाढली होती आणि वेचून पुरत नव्हते, म्हणून एका पुरवठादाराकडून मी दोन किलो काच विकत घेतली. तुकडे सुरेख होते, जरा जास्तच सुरेख. साठ-सत्तर नग विकून झाल्यावर एका रात्री सहज भिंग लावले, तर अर्धचंद्र कुठेच दिसेनात; सगळीकडे एकसारखा सपाट खरखरीतपणा. ती यंत्रात फिरवून आणि आम्लात बुडवून चार दिवसांत ‘म्हातारी’ केलेली काच होती. काचेचीसुद्धा नक्कल होते, हे सोनाराच्या मुलीला तोवर सुचलेही नव्हते. ज्यांचे पत्ते होते त्या प्रत्येकाला पत्र लिहून पैसे परत दिले आणि त्या वर्षी नफा असा उरलाच नाही. पुरवठादाराने फोन उचलणे बंद केले. तेव्हापासून प्रत्येक तुकडा भिंगाखालून जातो आणि वहीत त्याचा किनारा, महिना आणि वेचणाऱ्याची आद्याक्षरे नोंदली जातात.

पुढच्याच वर्षी बाबा आले. त्यांनी पेटीतली एक मल्टी उचलून नेहमीच्या सवयीने उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, ‘अगं, गिऱ्हाईकाला काय सांगतेस?’ मी म्हटले, ‘काच आहे, असं सांगते.’ ते काही बोलले नाहीत. दुपारभर वही चाळत बसले आणि निघताना वजनाच्या रकान्यात मी गुंजा-ग्रॅमची केलेली एक चूक तेवढी दाखवून गेले. या देशात ७.७८ ग्रॅमपेक्षा जास्त वजनाचा चांदीचा दागिना चांदी म्हणून विकायचा तर त्यावर हॉलमार्क असावाच लागतो. आमची बहुतेक कानातली त्याहून हलकी असतात, तरीही त्या भेटीनंतर आम्ही तीही परीक्षण कार्यालयाकडे पाठवू लागलो. खर्च वाढला, पण काचेबद्दल खरे बोलून चांदीबद्दल मोघम राहणे जमेना.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले. उलट किनाऱ्यावरची गर्दी वाढली आणि आमची विक्री जवळजवळ सगळी टपालाने होऊ लागली. २०२१ पासून युरोपात पाठवण्याच्या प्रत्येक पाकिटाला सीमाशुल्काचे कागद लागू लागले, तेव्हा तिकडची गिऱ्हाइके निम्म्याने घटली. ती तूट काही अंशी आपल्याच माणसांनी भरून काढली. येथल्या मराठी मंडळींसाठी केलेली फिकट हिरव्या काचेची नथ गणपतीच्या आधी दरवर्षी संपते. मोत्यांच्या नथीशी तिची तुलना करू नये, पण नऊवारीवर ती वाईट दिसत नाही.

आता मी आणि दोन मदतनीस मिळून वर्षाला सुमारे तीनशे नग करतो. किनाऱ्यावर मिळणारे तुकडे दरवर्षी लहान होत चालले आहेत; पूर्वी पदक होईल असा तुकडा महिन्यातून एकदा तरी मिळे, आता सहा महिन्यांत एक मिळतो. म्हणून आमचा निम्मा माल जुन्या घरांतून येतो. कुणाची आजी जाते, घर रिकामे होते आणि माळ्यावर बिस्किटांचा एखादा पत्र्याचा डबा निघतो, त्यात चाळीस-पन्नास वर्षांची वेचलेली काच असते. मागच्या फेब्रुवारीत असा एक डबा आला. त्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, करंगळीच्या नखाएवढा एकच लाल तुकडा होता. त्याला भिंग लावले, अर्धचंद्र दिसले, वहीत नोंद केली. कोंदण अजून केलेले नाही.