दंडाच्या पावत्या

बीडला फिरून आले म्हटलं की पुण्यातली मंडळी दोनच गोष्टी विचारतात, ऊसतोड नाहीतर गुंडगिरी. गायरानाचं कोणी विचारत नाही, आणि मला तर ह्या वेळी सगळीकडे तेच दिसलं. वडवणी, तेलगाव, धारूर, केज, जिथे एसटी मिळाली तिथे एसटीने आणि नाही मिळाली तिथे काळीपिवळीत कोंबून घेऊन.

गायरान म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन. ज्यांच्या नावावर गुंठाभरही नाही अशी दलित, पारधी घरं मराठवाड्यात कित्येक वर्षं ती कसतायत. खडक फोडून, दगड वेचून माती केलेली. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासूनची ही मागणी आहे, इकडे नंतर एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने ती लावून धरली, आवाड २०१५ ला गेले पण तेलगावच्या बाजूला अजून कोणाशीही बोला, दहा मिनिटांत ‘जिजा’ (आवाडांना सगळे तेच म्हणायचे) निघतातच.

आता कायद्याची गंमत बघा. २८ नोव्हेंबर १९९१ चा जीआर सांगतो की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात गायरानावर शेतीसाठी झालेली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. ठीक. पण तुम्ही तेव्हा तिथे होतात हे दाखवायचं कशावरून? सातबारा तर सरकारचा. मग पुरावा कुठला, तर तलाठ्याकडची एक-ई ची नोंदवही, म्हणजे अतिक्रमणाची नोंद, आणि तेव्हा भरलेल्या दंडाच्या पावत्या! ज्या कागदाने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं तोच आता तुमचा साक्षीदार.

एका वस्तीवर एका आजीने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात अजून एक पिशवी, त्यात पावत्या. घडीवर फाटलेल्या, शाई उडालेली, एकीवर शिक्का तेवढा दिसत होता. म्हणाल्या, “मालक म्हनायचे चुलीत घाल, मी म्हनलं राहू द्या, पैसे दिलेत आपन.” शेजारच्या घरच्यांनी घातल्या होत्या चुलीत. त्यांची फाईल अडकलीय.

त्यामुळे इथल्या कार्यकर्त्याचं खरं काम मोर्चापेक्षा कागदाचं जास्त आहे. मला घेऊन फिरणारे काका (नाव नको म्हणाले) तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उधारी ठेवून आहेत, प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एक आत द्यायची आणि दुसरीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोरं म्हणतात काका फोटो काढून ग्रुपवर टाकू ना, काका म्हणतात टाका की, पण गोल शिक्का पायजे. मला आधी हे जरा जुनाट वाटलं होतं, पण पेटीतल्या पावत्या पाहिल्यावर पटलं.

अडचण दिवाळीनंतर होते. तरणी माणसं कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मार्च-एप्रिलपर्यंत परत नाही, वस्तीवर म्हातारी माणसं आणि शेळ्या. अतिक्रमण काढायची नोटीस नेमकी तेव्हा आली तर घ्यायला कोण? २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग खटल्याचा निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून, तेव्हापासून गायरान म्हटलं की लोक दचकतात. २०२२ ला मुंबई हायकोर्टाच्या आदेशानंतर तर नोटिसांची लाटच आली होती. पण त्याच २०११ च्या निकालात अपवाद आहे, भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने जमीन भाडेपट्ट्याने दिली असेल तर ती नियमित करता येते. ते वाक्य काकांना इंग्रजीतून पाठ आहे, बोलताना उच्चार चुकतो, मुद्दा चुकत नाही.

आता नवीन भानगड सोलरची. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी घेतायत, त्यात गायरानही येतं. दिवसा वीज कोणाला नकोय? रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्याला विचारा. पण गावात पडीक माळ एवढा पसरलेला असताना मोजणीवाले नेमके कसलेल्या तुकड्यावर कसे येतात, हे मला तरी कोणी धड सांगितलं नाही. काकांनी मोजणीच्या नकाशाची नक्कल मागायला अर्ज टाकलाय. पोच घेतलीय, शिक्क्यासकट.