तुम्ही विचारलंत म्हणून: मास्तर, संघटनेत कशाला पडलात?

"मोर्च्याला बरा येळ गावतोय सर तुमास्नी," असं चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणतंच. पालक जरा सभ्यपणे विचारतात, शिकवायचं सोडून शिक्षक संघटनेच्या भानगडीत कशाला पडलात?

कोल्हापुरात दसरा चौकातून कलेक्टर ऑफिसवर गेलेला मोर्चा लोकांना दिसतो. एरवी संघटना म्हणजे नुसते कागद. कुणाचा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव अडलाय, कुणाच्या सेवापुस्तकात नोंदच नाही. गेल्या पावसाळ्यात एका बाईंच्या नवऱ्याच्या ऑपरेशनचा खर्च मिळावा म्हणून कचेरीत दिलेलं बिल पुन्हा परत आलं. त्रुटी काय, तर एका पावतीवर दवाखान्याचा शिक्का अर्धाच उमटलेला! बाई दोनशिक्षकी शाळेतल्या. त्या कचेरीत गेल्या की दुसऱ्या गुरुजींनी चारही वर्ग एका खोलीत कोंबायचे. शेवटी ते बिल शाळा सुटल्यावर मीच फिरवलं, बाई वर्गात राहिल्या. माझं संघटनेतलं काम बहुतेक असलंच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. तरी 'अतितातडीचे, आजच माहिती भरा' हा मेसेज नेमका गणिताच्या तासाला ग्रुपवर पडतो. एकट्यानं नाही म्हटलं तर खुलासा मागतात. संघटनेनं निवेदन दिलं तर निदान समोर बसवून ऐकून घेतात.

विधान परिषदेत तुमचा शिक्षक मतदारसंघ आहे की, असंही कुणी सुचवतं. आहे, पण घटनेच्या कलम १७१ प्रमाणे तिथं मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. पहिलीच्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेणारा त्या यादीत बसत नाही.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा पालक चिडले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, आणि १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, तो प्रश्नही खोटा नव्हता. माझा राग आमच्याच माणसांवर आहे. पेन्शन म्हटलं की रस्ता भरतो. शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या कमी पटाच्या शाळांसाठी बैठक लावली की खुर्च्या रिकाम्या. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे, पण धनगरवाड्यावरनं उतरताना मध्ये ओढा लागतो, तो नियमात कुठं मोजलाय? याच कोल्हापुरात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं, पोरं न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. आज पालक पाठवायला तयार आहेत आणि वाडीवरची शाळाच उठवायची भाषा चालते.

अशा निवेदनावर नुसत्या शिक्षकांच्या सह्या असल्या की 'यांना बदली टाळायची असंल' म्हणून फाईल बाजूला पडते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला, म्हणजे पालकांच्या सह्या आल्या, की तसं म्हणता येत नाही. म्हणून मला हा प्रश्न विचारणाऱ्या पालकाकडं मी आता उलट तो ठराव मागतो.