काळ्या स्क्रीनवरची ती पांढरी रेघ

आजचा अख्खा रविवार बाबांच्या जुन्या डेस्कटॉपपुढे गेला. विंडोज १० चे अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या मशीनवर चालणार नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली. फोटो, कागदपत्रं काल रात्रीच दुसऱ्या डिस्कवर घेतली होती. ते आधी करा हो, खरंच.

मिंट भरलेला पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं, आणि समोर नुसती काळी स्क्रीन. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस्स. पोर्ट बदलून पाहिलं. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कुठे आधी शोधायचं त्या यादीत, यूएसबी पहिला होता. रॅम काढून खोडरबरने पुसून परत बसवली. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसमही (फाइल धड उतरली का ते तपासायचा आकडा) जुळला. रेघ तशीच.

जेवणं झाल्यावर बायॉसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचं, एकेक पान नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की यात यूईएफआय हा बायॉसचा नवा अवतारच नाही. मी रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी ही डिस्क मांडायची नवी पद्धत निवडली होती, म्हणजे पेनड्राइव्ह फक्त यूईएफआयसाठी बनला होता. जुन्या बायॉसला डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये (अगदी सुरुवातीच्या तुकड्यात) बूटचा, म्हणजे सिस्टीम सुरू करायचा, कोड लागतो. तो न सापडल्यावर बिचारं मशीन तरी काय करणार! एमबीआर ही जुनी पद्धत निवडून पेनड्राइव्ह पुन्हा बनवला.

मिंटचा हिरवा लोगो उमटला तेव्हा बाबा शेजारीच खुर्ची ओढून बसले होते. "झालं का रे?" सकाळपासून दहाव्यांदा विचारत होते. चष्मा पुसला, आणि पहिल्यांदा आईचे फोटो उघडायला सांगितले.