तुम्ही विचारलंत म्हणून: शुल्क कोणी भरलं?

“पंचवीस टक्के शुल्क लागलं, मग गाडी पंचवीस टक्क्यांनी का नाही महागली?” आणि त्याच दमात उलटा प्रश्न: “आता पंधरावर आलं ना, मग किंमत का उतरत नाही?” अमेरिकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये आयात गाड्यांवर वाढीव शुल्क, म्हणजे टॅरिफ, लावलं, तेव्हापासून जो भेटतो तो हे दोन प्रश्न विचारतो, आणि दोन्हींच्या मागे संशय एकच असतो. मधले पैसे तुम्ही डीलर लोक खाता.

मी अमेरिकेत जपानी गाड्यांच्या एका शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर बसते. आमच्याकडे विकल्या जातात त्या मुख्यतः एसयूव्ही. पण मला विचारलं जातं ते छोट्या, मॅन्युअल गिअरच्या, तीस हजार डॉलरच्या आसपासच्या स्पोर्ट्स कारबद्दल, कारण माझा जीव त्या गाड्यांत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुटक उत्तरं देऊन मी थकले, म्हणून आता नीट लिहिते.

आधी हिशेब. शुल्क गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर छापलेल्या किमतीवर लागत नाही. जपानची कंपनी स्वतःच्याच अमेरिकी कंपनीला ज्या भावानं गाडी देते, त्या भावावर ते बंदरात आकारलं जातं. समजा तीस हजारांची गाडी कागदोपत्री बावीस हजारांना उतरली. जुन्या अडीच टक्क्यांनी तिच्यावर ५५० डॉलर पडायचे. ३ एप्रिल २०२५ च्या पहिल्या मिनिटापासून त्या अडीचवर पंचवीसची भर पडली आणि आकडा झाला ६,०५०. फरक साडेपाच हजारांचा, म्हणजे स्टिकरच्या मानाने अठरा टक्क्यांच्या आसपास. कंपनीने पै न् पै तुमच्यावर ढकलली असती, तरी गाडी पंचवीस टक्क्यांनी महागलीच नसती. १६ सप्टेंबरपासून जपानी गाड्यांवर सगळं मिळून पंधरा टक्के झाले. त्याच गाडीवर ३,३००. पंचवीसशी तुलना केली तर स्वस्ताई वाटते, ५५० शी केली तर सहापट. ‘उतरलं’ म्हणताना आपण कुठून मोजतोय ते प्रत्येकाने एकदा पाहावं.

सुरुवातीला हा भार बराचसा कंपन्यांनीच सोसला. जपानहून उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या मोटारींच्या निर्यात किमती त्या वर्षी उतरल्या, हे बँक ऑफ जपानच्या आकड्यांत सरळ दिसतं. येन स्वस्त होता, त्यामुळे त्यांना तेवढी जागा होती. पण तुम्ही स्टिकर बघता आणि मी हप्ता बघते. स्टिकर जागचं हललं नाही त्या महिन्यांतही आधी कमी व्याजाच्या योजना गेल्या, मग पाचशे-हजारांच्या सवलती गेल्या. नव्या वर्षाची मॉडेलं आली तेव्हा स्टिकरही सरकलं. शुल्कानंतरच्या किमतीवर विक्रीकर, त्या सगळ्यावर कर्जाचं व्याज. सुट्या भागांवर ३ मे पासून वेगळं शुल्क आलं, ते दुरुस्तीत जातं, आणि दुरुस्ती महागली की विम्याचा हप्ताही मागोमाग जातो. यातलं काहीही ‘टॅरिफ’ म्हणून छापलं जात नाही. १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचं स्टिकर सक्तीचं केलं. त्यावर इंजिन लिहिलेलं असतं, वाहतूक खर्च असतो, सुटे भाग कुठल्या देशाचे हेही असतं. शुल्काची ओळ नसते.

आणि हो, स्टिकरवरची किंमत ही कंपनीने सुचवलेली किंमत. ती ना आमच्यावर बंधनकारक, ना तुमच्यावर. डीलर तिच्यावर चढवू शकतो. आम्ही चढवलं का? चढवलं. त्याबद्दलच सांगायचं आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत एक तरुणी आली होती. रुग्णालयात रात्रपाळी करायची, पाळी संपवून थेट शोरूममध्ये आली होती. तिला सगळ्यात साधं व्हेरियंट हवं होतं. कापडी छत, मॅन्युअल गिअर, लेदर नको, मोठा स्पीकर नको. असा ग्राहक क्वचित येतो, कारण ही गाडी घ्यायला येणारे बहुतेक जण वरचं व्हेरियंट घेतात. आमच्या वाट्याच्या पुढच्या खेपेत तशी एकच गाडी होती. तिने पाचशे डॉलर भरून ती धरून ठेवली. किंमत मी तिला लेखी कळवली होती, स्टिकरच्याच भावाने.

गाडी मार्चच्या मध्यात बंदरात उतरली. तिच्यावर जुन्या दराने शुल्क भरलं गेलं. २६ मार्चला नव्या दराची घोषणा झाली आणि त्या आठवड्याअखेर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना ‘जुन्या भावाची’ गाडी हवी होती. सोमवारी मालकांनी बैठक घेतली. लॉटवर, म्हणजे शोरूमच्या आवारात, उभ्या असलेल्या प्रत्येक छोट्या स्पोर्ट्स कारवर तीन हजार चढवायचे. त्यांचं म्हणणं असं की पुढची गाडी कधी येईल आणि केवढ्याला पडेल ते कुणालाच माहीत नाही, आज ही जुन्या भावाने दिली तर उद्या त्याच पैशात दुसरी आणून ठेवता येणार नाही. मी म्हटलं, बुकिंग झालेली तरी सोडा. ते म्हणाले, बुकिंग गाडीचं आहे, भावाचं नाही, फॉर्मवर तसं छापलंय. तसं छापलेलं होतं, ते खरं.

तिला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर सांगणं मला जमेना, म्हणून मी तिला बोलावून घेतलं. ती टेबलाच्या पलीकडे बसली, नवा आकडा बघितला, आणि माझ्यावर आवाज चढवण्याऐवजी तिने एकच विचारलं.

“या गाडीवर वाढलेलं शुल्क भरलंय का?”

“नाही. ती आधीच उतरली होती.”

“मग हे तीन हजार कुणाला जाणार?”

मी तिला तेच सांगितलं जे मालकांनी मला सांगितलं होतं. हिच्या जागी दुसरी मागवायची तर ती आम्हाला महाग पडेल. व्यापारात माल जुन्या खरेदीच्या भावाने नाही, नव्या खरेदीच्या भावाने विकावा लागतो. सोनार तेच करतो, पेट्रोल पंप तेच करतो.

ती म्हणाली, “पण मला दुसरी नकोय. हीच हवीय.”

त्यानंतर आम्ही आकडे मांडले. तीन हजार म्हणजे साठ महिन्यांच्या कर्जात सात टक्के व्याजाने महिन्याला साठेक डॉलर. ते तिने कसेबसे ओढले असते. अडचण वेगळीच निघाली. बँक गाडीच्या किमतीला धरून कर्ज देते. स्टिकरच्या वर चढवलेल्या पैशांना तिच्या लेखी किंमत नाही. ते तीन हजार रोख द्यावे लागणार होते, आणि तिची रोख रक्कम डाउन पेमेंटमध्ये संपलेली. मी दुसऱ्या एका बँकेला विचारून पाहिलं, पतसंस्थेला विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं. तिने डिपॉझिट परत मागितलं, मी त्याच दिवशी दिलं. त्याच शनिवारी ती गाडी गेली. घेणाऱ्याकडे आधीच दोन गाड्या होत्या, त्याने पूर्ण पैसे भरले, आणि त्या तीन हजारांबद्दल एक शब्दही विचारला नाही. उलट मला म्हणाला, “टॅरिफचं काय करणार, द्यावंच लागतं.”

हे सांगितलं की काही जण म्हणतात, म्हणजे लूटच झाली. तुम्ही आमच्या मालकांना ओळखत नाही. उन्हाळ्यात खेपा घटल्या तरी त्यांनी एकालाही कामावरून काढलं नाही. जूनमध्ये वाढीव शुल्क भरून आलेली एक गाडी त्यांनी जवळजवळ खरेदीच्या भावाने दिली, कारण घेणारा शिक्षक होता आणि त्याची जुनी गाडी अपघातात गेली होती. एप्रिलमध्ये घेतलेले तीन हजार कदाचित त्या गाडीत गेले असतील. गल्ल्यात पैशाला नाव नसतं. म्हणून ‘लूट’ हा शब्द मी मान्य करत नाही. आणि तिच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर पुरं पडत नाही, हेही मला कळतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात घेऊन मी रोज कामाला जाते.

२०२५ च्या आधी मी ठामपणे सांगत असे की टक्क्यातलं शुल्क निष्पक्ष असतं. महाग गाडीवर जास्त, स्वस्त गाडीवर कमी, त्यात अन्याय कसला? वजनावर किंवा नगावर शुल्क लावलं तर गरिबाची गाडी भरडली जाते, टक्क्यात तसं होत नाही. कागदावर हे अजूनही बरोबर आहे. पण लाखाच्या गाडीत वीस हजार कुठेही मुरतात: जास्त नफ्यात, वाढीव ॲक्सेसरीजमध्ये, ग्राहकाच्या बेफिकिरीत. तीस हजारांच्या गाडीत मुरायला जागाच नसते. तिचं गिऱ्हाईक बँकेने आखलेल्या रेषेवर उभं असतं. मग कंपनी काय करते? ते साधं व्हेरियंट कमी पाठवते, किंवा पाठवतच नाही. जहाजावरची जागा तेवढीच, शुल्कही द्यायचंच, तर त्या जागेत जास्त कमाईची गाडी का चढवू नये?

हे नवं नाही. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेच्या दबावाखाली मोटारींची निर्यात वर्षाला १६.८ लाखांवर बांधून घेतली. संख्या बांधली गेल्यावर कंपन्या जास्त सजवलेल्या, जास्त महाग गाड्या पाठवू लागल्या. १९८६ मध्ये अक्युरा आली, १९८९ मध्ये लेक्सस आणि इन्फिनिटी, सगळे जपानी कंपन्यांचेच महागड्या गाड्यांचे ब्रँड. तो कोटा होता, आताचं शुल्क आहे, दोन्हींचं गणित अगदी सारखं नाही. तरी खालची पायरी आधी निखळते, हे मी माझ्या टेबलावरून बघते.

“मग इथेच बनवा ना!” हे ऐकलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. पिकअपवर १९६४ पासून पंचवीस टक्के शुल्क आहे. जपानी कंपन्यांनी अमेरिकेत पिकअपचे कारखाने काढले, कारण पिकअप लाखांनी खपतात. माझदाची मिआटा ही छोटी स्पोर्ट्स कार हिरोशिमात बनते आणि अमेरिकेत वर्षाला दहा हजारही खपत नाही. टोयोटा जीआर ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्या सुबारूच्या जपानमधल्या एकाच कारखान्यातून निघतात, कारण दोन कंपन्या एकत्र आल्या तेव्हाच तो खर्च परवडला. वर्षाला दोन लाख गाड्यांच्या हिशेबाने कारखाना उभारतात, तो या संख्येवर चालत नाही.

फोर्डच्या मस्टँगचं, म्हणजे देशी स्पोर्ट्स कारचं, उदाहरण देणारेही भेटतात. ती मिशिगनमध्ये फ्लॅट रॉकला बनते, खरं आहे. तिचं आठ सिलिंडरचं व्हीएट इंजिन नदीपलीकडून, कॅनडातल्या विंडसरहून येतं. आणि आयात गाडी महागली की देशी गाडीला भाव आवरायचं कारण उरत नाही. २०१८ मध्ये वॉशिंग मशीनवर शुल्क आलं तेव्हा मशीन साधारण बारा टक्क्यांनी महागली, आणि ड्रायर, ज्यांवर शुल्क नव्हतं, तेही जवळपास तेवढेच महागले.

एवढं बोलून झाल्यावर एक गोष्ट माझ्याच विरुद्ध जाते, ती दडवून ठेवणार नाही. शेव्हरोलेची कॅमेरो ही स्पोर्ट्स कार २०२३ च्या शेवटी बंद झाली. ती अमेरिकेतच बनत होती, तिच्यावर आयात शुल्क नव्हतं. लोकांनीच ती घेणं सोडलं. स्वस्त स्पोर्ट्स कार शुल्काने मरतात असं मी म्हटलं तर तुम्ही कॅमेरो माझ्यासमोर ठेवू शकता, आणि मला गप्प बसावं लागेल. माझ्याच शोरूममध्ये त्या तरुणीसारखे किती आले? बोटांवर मोजण्याइतके. मग मी भांडतेय ती शुल्काशी, की उरलेल्या सगळ्यांना एसयूव्ही हवी आहे याच्याशी? कधी वाटतं, शुल्काने फक्त शेवटचा धक्का दिला. कधी वाटतं, शेवटचा धक्का ‘फक्त’ कसा असेल.

आता तिसरा प्रश्न, जो हल्ली जास्त येतो: थांबू का? सगळ्यात साधं व्हेरियंट हवं असेल आणि ते समोर उभं असेल, तर थांबू नका. दर आणखी उतरला तरी कंपनीने पोटात घातलेला तोटा आधी भरून निघेल, मग सवलती परत येतील, आणि स्टिकर सगळ्यात शेवटी हलेल. तोवर ते व्हेरियंट यादीत असेलच याची हमी मी देऊ शकत नाही. बुकिंग करताना भाव लेखी घ्या, आणि फॉर्मवर ‘किंमत बदलू शकते’ असं छापलं असेल तर तेवढी ओळ खोडून मालकाची सही घ्या. आमचे मालक अशी सही देत नाहीत. मी दोनदा सुचवलं, त्यांनी दोनदा नकार दिला, आणि त्यांची कारणं मला अजून पूर्णपणे खोडता आलेली नाहीत.