मनोरा राहिला, नेम गेला

वणव्यावर नजर ठेवायला अमेरिकेत बांधलेले जुने मनोरे वारसा म्हणून जपायचे ठरले, की पैसा आधी रंगाला आणि जिन्याला जातो. खरा ऐवज मात्र वरच्या खोलीत मधोमध असतो: ऑस्बोर्न फायर फाइंडर, म्हणजे आग नेमकी कुठे लागली ते शोधायचं यंत्र.

१९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, आणि त्यानंतर टेहळणीला जोर आला. यंत्राची युक्ती साधी. गोल नकाशाच्या केंद्रबिंदूवर मनोऱ्याची जागा, भोवती अंशांचं कडं, समोरासमोर दोन नेमपट्ट्या. मागच्या फटीतून बघत पुढच्या पट्टीत ताणलेला उभा केस धुराच्या बुडाशी आणायचा. शेंड्यावर नेम धरलात तर वारा फसवतो. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही कोन आला की दोन रेषा छेदतील तिथे आग. मध्ये खिडकीचा खांब आला, तर यंत्र रुळांवर थोडं सरकवायचं.

म्हणूनच फरशी बदलताना ते नुसतं उचलून ठेवू नये. उचलण्याआधी ओळखीच्या दोन-तीन शिखरांचे अंश लिहून ठेवा. परत बसवल्यावर तेच आकडे येईपर्यंत बैठक फिरवा, मगच आवळा.

एल-४ या ठराविक नमुन्याच्या मनोऱ्यावरची खोली १४ फूट बाय १४ फूट, चारही बाजूंना तावदानं. खिडक्यांवरच्या झडपा उन्हाळ्यात वर उचलून टेकू लावायचे, हिवाळ्यात खाली पाडायच्या. त्या कायमच्या ठोकून टाकणं किंवा लहान तावदानांच्या जागी अख्खी काच बसवणं ही नेहमीची चूक. लाकूड बाहेरून ठणठणीत दिसतं आणि पाणी साचतं तिथे, खांबाच्या बुडाशी, आतून कुजतं. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, सहज रुतला तर तेवढा भाग बदला. पोलादी मनोऱ्यात गंज सांध्यांतल्या पट्ट्यांमध्ये फुगतो, वरून रंग फासून तो थांबत नाही. बोल्ट एकेक करूनच बदलावेत, अख्खा सांधा कधीही मोकळा करू नये.

विजा कडाडताना टेहळ्याने ज्यावर उभं राहायचं ते, पायांना काचेचे इन्सुलेटर लावलेलं स्टूल दिसलं तर भंगारात टाकू नका. मनोऱ्याइतकंच मोलाचं आहे ते.

मनोरा उचलून खाली दरीत, पर्यटकांच्या सोयीला नेणं मला अजिबात पटत नाही. 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस' ही अमेरिकेची वारसा वास्तूंची यादी; वास्तूचं मूळपण टिकलंय का हे ती ज्या सात बाबींवर तपासते, त्यांत मूळ जागा आहे. हलवलेली वास्तू एरवी पात्र ठरत नाही, अपवाद थोडे. शिवाय दरीत नेलेल्या यंत्रावर नकाशाचा केंद्रबिंदू अजूनही त्या डोंगरमाथ्यावरच असतो.